बासोड्याच्या दिवशी गरम केक

आदर्श नगर, जयपूर
ता. १२ मे १९८४, शनिवार

तीर्थरूप आक्काबाईंच्या पायांवर धाकट्या हणमंतचे डोके.

तुमचे पत्र शिमग्याच्या आधी आले आणि उत्तर आता वैशाखात लिहितो आहे, याबद्दल पदरात घ्यावे. आळस केला नाही. कितीदा कागद घेऊन बसलो, पण दोन ओळी झाल्या की कागद घडी करून उशीखाली जायचा. तुमच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का, झाले असल्यास उजव्याचे कधी, गुडघ्याला डॉक्टरचे मलम लावता की अजून एरंडेलच, म्हैस आटली का, हे सर्व कळवावे. पत्र बापू वाचून दाखवील हे मला ठाऊक आहे. (बापू, भाच्या, कंसातले मोठ्याने वाचू नकोस. तुझ्या आईला घोर लागतो आणि मग ती मला रागावते.)

माझी प्रकृती म्हणाल तर ठीक म्हणावी लागते. झोप नाही, अन्नावर वासना नाही, आणि इथला उन्हाळा असा की गच्चीवर ठेवलेला तांब्या दुपारी हातात धरवत नाही. राजन बँकेत सुखरूप आहे. विभा सूनबाईही बऱ्या आहेत, पण सध्या माझ्याशी कामापुरते बोलतात. त्याचे कारण पुढे येईल. (बापू, कारण आले की आवाज बारीक कर.)

तुम्हाला आठवत असेल, कराडच्या बेकरीत मी तीस वर्षे वजनकाट्यावर होतो. दिवाळीच्या आधी बायाबापड्या घरचा मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन यायच्या आणि नानकटाई भाजून न्यायच्या. मी फक्त वजन करायचो. चौथी शिकलेल्याला काटा पुष्कळ झाला, असे मालकांचे मत असल्यामुळे भट्टीला मला कधी हात लावू दिला नाही. पण डोळे तर होते. तीस वर्षे बघितलेले सगळे मनात साठले होते, ते इथे जयपूरला येऊन बाहेर पडले. सूनबाईंनी हौसेने काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन घेतला आणि दोनदा वापरून माळ्यावर टाकला. तो मी खाली काढला. तेव्हापासून माझा वेळ बरा जाऊ लागला होता, आणि वेळ बरा जाऊ लागला की मला भीती वाटते, हे तुम्ही जाणताच.

आमच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे द्वारकाप्रसादजी म्हणून रिटायर पोस्टमास्तर राहतात. इथलेच, जन्माचे जयपूरवाले. त्यांना हाच नाद. ते कुकरमध्ये वाळू तापवून त्यात केक करतात (बिनअंड्याचा, बापू, हे आईला सांग). दर रविवारी चार वाजता आमचा चहा असायचा, एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे. नियम एकच होता. जे केले असेल ते खायचे आणि मग खरे बोलायचे, भीड ठेवायची नाही. ते माझी नानकटाई दाताखाली धरून म्हणायचे, "हणमंतजी, ये बिस्कुट नहीं, खड़िया है. इससे तो स्कूल में फळ्यावर लिहा." (फळ्यावर वगैरे मराठी त्यांनी माझ्याकडून उचलली.) मी म्हणायचो, "पोस्टमास्तरसाहेब, तुमचा केक वरून केक आहे, आतून शिरा." मग ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसायचे, पुन्हा चहा ओतायचे आणि सोडा आधी घालायचा की शेवटी, यावर आम्ही दिवेलागणीपर्यंत भांडायचो. आक्का, तुम्हाला म्हणून सांगतो. राजनची आई, इंदुमती, गेल्यापासून मला कोणी नावेच ठेवत नाही. राजन "हो बाबा" म्हणतो. सूनबाई जळकी नानकटाईसुद्धा "छान झालीय बाबा" म्हणून खातात. घरात आपले सगळेच छान होऊ लागले की समजावे, आता आपल्याला कोणी हिशेबात धरत नाही. भिंतीपलीकडच्या त्या घरात मला हिशेबात धरत होते. म्हणून पुढचे लिहिण्याआधी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

शिमगा जवळ आला तेव्हा द्वारकाप्रसादजींनी मला आपणहून बजावले होते. चैत्राच्या वद्य अष्टमीला त्यांच्याकडे शीतलामातेचा बासोडा असतो. त्या दिवशी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे गार अन्न खायचे, चहासुद्धा नाही. "उस दिन केक-वेक मत लाना, भैया," असे स्पष्ट सांगितले. आता आपल्याकडे शिळासप्तमी श्रावणात असते, तेव्हा मला त्यात नवल वाटले नाही. मी घरी आलो, भिंतीवरचे बापूने पाठवलेले कॅलेंडर काढले, चैत्र वद्य अष्टमी शोधली. पाडव्यानंतर कितीतरी दिवसांनी होती. तिच्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला आणि निर्धास्त झालो. (बापू, तुझा दोष नाही. पण कॅलेंडर तूच पाठवलेस एवढे खरे.)

शिमगा होऊन आठवडा गेला आणि रविवार आला. पाळी त्यांच्याकडची होती. माझा केक त्या दिवशी असा फुगला होता की मी स्वतः दोनदा झाकणातून बघून देवाला हात जोडले. गरम असतानाच त्यांना दाखवावा म्हणून टॉवेलात गुंडाळून निघालो. त्यांच्याकडे पाहुणे होते. मधोमध त्यांची थोरली बहीण बसली होती, जिला सगळे बुआजी म्हणतात. ती सकाळीच चाकसूच्या मातेच्या मेळ्याहून परतली होती. समोर ताटे मांडली होती, पुऱ्या, गोड पुए, गुलगुले, ताकातली बाजरीची राब. कपबशा मात्र नव्हत्या. मला वाटले, आज द्वारकाप्रसादजींनी चहापानाचा बेत मोठा केला आहे आणि माझे मत सर्वांसमोर हवे आहे. मी बसलो आणि नियमाप्रमाणे खाऊन खरे बोललो. पुरी कालची आहे, चामड्यासारखी झाली आहे. गुलगुल्यातले तेल थिजले आहे. राब आंबली आहे. आणि सगळे गार का? समोर द्वारकाप्रसादजी भुवया उडवत होते, मान हलवत होते, एकदा तर त्यांनी पायाने माझा पायही दाबला. मी समजलो, आणखी बोला म्हणताहेत. म्हणून पुएसुद्धा सोडले नाहीत. मग टॉवेल उघडला. वाफ निघाली. बायकांपैकी एकीने पदर तोंडाला लावला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण भाभीजी, म्हणजे त्यांच्या पत्नी पार्वतीजी, मला थकलेल्या दिसल्या. चहा करायला त्यांना जमले नसेल, तर आपण करावा, त्यात कमीपणा कसला, असा विचार करून मी स्वयंपाकघरात गेलो. शेगडी लख्ख घासलेली, तिच्यावर हळदीकुंकवाची बोटे. मला वाटले, नवी घेतली असावी, म्हणून पूजा. मी काडी ओढली.

आक्का, बुआजी वयाने तुमच्याएवढ्या असतील, पण आवाज तुमच्यापेक्षा मोठा आहे. "अरे, ये दक्खनी बाबा ने माता के दिन आग जला दी!" असे ओरडून त्यांनी भिंतच धरली. काडी माझ्या हातात जळत राहिली, कारण विझवावी की न विझवावी, कशाने पाप कमी लागेल, हे मला कळेना. शेवटी तिने बोट पोळल्यावर आपोआप सुटली. द्वारकाप्रसादजी मला दारापर्यंत घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "मैंने बताया तो था." मी म्हणालो, "पण चैत्र कुठे लागलाय?" आतून बुआजींची हाक आली तसे ते वळले. केक तिथेच राहिला. तो कसा झाला होता हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

पंधरवडा गेला नाही तोच त्यांच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. चौकशी केली तर द्वारकाप्रसादजींना कांजिण्या! अडुसष्टाव्या वर्षी! इकडे कांजिण्यांना माताच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, साथ आहे, सगळ्या कॉलनीत आहे. पण बुआजींना डॉक्टरची गरज नव्हती. त्यांनी व्हरांड्यातून आमच्या घराकडे बोट दाखवले ते मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिले. त्या बासोड्यापुरत्या आल्या होत्या, भाऊ आजारी म्हणून राहिल्या त्या अजून आहेत.

मी ठरवले, आता आपण आपला बासोडा कडक पाळायचा. माझ्या कॅलेंडरातली अष्टमी अजून यायची होती ना. आदल्या रात्री पुऱ्या तळून घेतल्या. सकाळी उठून गॅसचा रेग्युलेटर काढून कोठीत लपवला, काडेपेट्या माझ्या कोटाच्या खिशात, ओव्हनची वायर गादीखाली. सूनबाई वैतागल्या, पण मी छातीला हात लावून खाटेवर पडलो, तशा कपाळाला हात लावून आत गेल्या. मला कोणी सांगितले नव्हते (सांगितले असेल तर ऐकू आले नव्हते, बापू) की त्याच दुपारी राजनच्या बँकेचे मोठे साहेब सिव्हिल लाइन्समधून सपत्नीक चहाला येणार होते. साहेब आले. त्यांच्यापुढे गार पुऱ्या आणि पाणी ठेवले गेले. राजन नुसता हसत होता. असे हसताना मी त्याला बोर्डाच्या निकालाच्या दिवशीच पाहिले होते. साहेबांची बायको इथलीच. बाईंनी ताटाकडे पाहिले आणि फार गोड आवाजात विचारले, "बाबूजी, आज बासोडा? वो तो महीने भर पहले हो गया."

मग त्यांनी मला समजावून सांगितले. इकडे महिना पुनवेनंतर सुरू होतो, आपल्याकडे अमावास्येनंतर. शिमग्याच्या दुसऱ्या दिवसापासून इकडे चैत्र, आणि आपण पाडव्यापर्यंत फाल्गुनातच. म्हणजे एकाच दिवशी द्वारकाप्रसादजी चैत्रात होते आणि मी फाल्गुनात, मध्ये फक्त कुंपणाची भिंत. सत्तर वर्षे जगलो, हे मला कोणी सांगितले नाही. साहेबांच्या बायकोने पुरी मात्र खाल्ली आणि "अच्छी है" म्हणाल्या. ती अजिबात चांगली नव्हती. (आवाज बारीक कर म्हणालो होतो ते इथे. सूनबाई तेव्हापासून माझ्याशी "जेवण वाढलंय" एवढेच बोलतात.)

आता द्वारकाप्रसादजी बरे झाले आहेत. डहाळा निघाला. मागच्या रविवारी बरोबर चार वाजता भिंतीपलीकडून केकचा वास आला. मी स्वच्छ धोतर नेसून, केस विंचरून अंगणात फेऱ्या मारल्या. हाक आली नाही. संध्याकाळपर्यंत वास गेला. आक्का, मला बुआजींची भीती नाही, पापाचीही आता सवय झाली. पण या गावात ज्या एका माणसाला माझ्या नानकटाईत काय चुकले हे सांगावेसे वाटत होते, तो माणूस गेला. मी परवा नानकटाई केली. खडूसारखी झाली. घरात सगळे छान म्हणाले.

मुलाबाळांना आशीर्वाद. तुमच्या पायांशी,
हणमंत

ता.क. पत्र लिहिण्याचे खरे कारण वर राहून गेले. तुम्ही बापूकडून हिंदीत एक पत्र बुआजींच्या नावे लिहून घ्यावे. थोरल्या बहिणीने थोरल्या बहिणीला लिहिले तर वजन पडेल. आमच्याकडचे महिने वेगळे आहेत आणि हणमंत लहानपणापासूनच असा आहे, असे साफ लिहावे. दोनचार उदाहरणे घालावीत. तुम्हाला आठवतील. मला वाईट वाटणार नाही.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवायला गोंद आणायला उठलो, आणि भिंतीपलीकडून "भैया" अशी दबकी हाक आली. द्वारकाप्रसादजी! तोंडावर कांजिण्यांचे डाग, हातात बशीत केकचा तुकडा. म्हणाले, बुआजी झोपल्या आहेत. म्हणाले, आजारपणापासून जिभेला चव नाही, घरातले सगळे केक अच्छा आहे म्हणतात, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवू? "तुम खाओ. सच बोलो." मी खाल्ला. आक्का, मध्ये साफ कच्चा होता. पीठ टाळूला चिकटले. ते भिंतीला धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला वाटले, एवढ्या दिवसांनी हाक आली आहे, आता पुन्हा काही बोलून बसलो तर संपलेच. मी म्हणालो, "फार छान झालाय." त्यांचा चेहरा असा उतरला की काय सांगू. "अच्छा," म्हणाले, "तो अब तुम भी." बशी घेतली आणि आत गेले.

तेव्हा बुआजींना पत्र लिहू नये. त्याऐवजी मला कळवावे. उद्या रविवार आहे. चार वाजता, हाक नसतानाही, जाऊन "कच्चा होता" असे सर्वांसमोर सांगू का? तार करू नका, तार बघून इथे सगळे घाबरतील. हे पत्र तुम्हाला पोचेपर्यंत उद्याचा रविवार होऊन गेलेला असेल हे मला कळते. तरी एक कार्ड टाकावे, जा की नको जाऊ एवढेच लिहावे, पण लवकर लिहावे. तोवर मी धोतर नेसून बसलो आहे.