माळ्यावरच्या फळ्या आणि ध्रुवावरचे अब्बा

३ मे, शनिवार
माळ्याच्या फळ्यांना यंदाही घाम फुटला. मे महिन्यात दर वर्षी फुटतो. पिवळट, चिकट. बोट लावून वास घेतला. देवमाशाचं तेल, अजून आहे. त्या फळ्यांवर अम्माने तांदळाचं पोतं कधी ठेवू दिलं नाही.
धाकट्या भावाने, जमीरने, आज जाहीर केलं, माळा काढायचा, स्लॅब टाकायचा. फळ्या लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवाल्या बाई घेणार, जेवणघराच्या भिंतीला. सोबत त्यांना, फळ्या ज्या जहाजाच्या, त्याचा इतिहास हवा, एक पान, चौकटीत लावायला.
"आपा, तू लिही. आणि अब्बा त्या जहाजावरून ध्रुवावर गेलते, ते सगळ्यात वर टाक."
लिहीन म्हटलं.

४ मे, रविवार
अर्धं पान झालं. कॉलेजात भूगोलाला असताना काढलेली टिपणं कामी आली.
थंड देशात बांधलेलं जहाज. हंगामाला दक्षिणेच्या बर्फाच्या समुद्रात, महिनोन्‌महिने. लहान बोटी देवमासे मारून आणत. याच्या मागच्या अंगाला घसरण, तिच्यावरून अख्खा मासा वर ओढत. (मासा नव्हे, सस्तन. कंसात घातलं.) डेकवर सोलायचा, खाली चरबी कढवायची. साबणासाठी, नकली लोण्यासाठी. पुढे देवमासे कमी झाले, जहाज विकलं गेलं. शेवट मुंबईत.
फळ्यांवर बारीक बारीक भोकं आहेत. डेक चरबीने इतकं निसरडं की माणसं बुटांना खिळे लावून चालत, त्यांची. लहानपणी मी आणि जमीर माळ्यावर पालथे पडून त्या भोकांत हरभरे बसवायचो. खाली अब्बा सांगत असायचे, तिथे उन्हाळाभर सूर्य बुडत नाही. बर्फ कण्हतं, ओझं भरलेल्या बैलगाडीसारखं. ज. विचारायचा, भीती नाही वाटली? अब्बा म्हणायचे, बर्फाला कसली भीती, ते पाणीच.
अब्बांचा परिच्छेद उद्या.

६ मे, मंगळवार
जहाजाचं नाव हवं म्हणून अब्बांची ट्रंक उघडली. खलाशाचा दाखला पत्र्याच्या नळीत असतो, म्हणून दाखल्यालाच नळी म्हणतात. ती शोधत होते.
नळी नाही. गेटपास मिळाला. दारूखान्याच्या एका यार्डाचा, जहाजं तोडतात तिथला. अब्बांचा तरुण फोटो. काम: कटर, म्हणजे गॅसने पत्रा कापणारा. महिने तेच, जेव्हा ते समुद्रावर होते असं आम्ही…
ज.ला सांगितलं नाही.

८ मे, गुरुवार
घोरावाडीला जाऊन आले. नामदेवआबा. अब्बांबरोबर मुंबईला कामाला होते, एवढंच माहीत होतं. ऐकू कमी येतं, बाकी खणखणीत.
"हुसेनची झुबेदा व्हय गं तू? लय वाळलीस. पोस्टात खायला देत नव्हते काय?"
म्हटलं, रिटायर होऊन बारा वर्षं झाली. आबा, अब्बा देवमाशाच्या जहाजावर होते ना?
"व्हय तर! आमी दोगं बी हुतो." बशीत चहा ओतला, फुंकला. "तोडायला."
"आणि ध्रुवावर?"
"कुटं? दारूखान्याच्या फुडं आमी कुटं गेलो न्हाई पोरी." हसले. "लय मोटं धूड. शेपटीकडनं कापत आलो, माशासारकं."
जहाजाबरोबर आलेला एक म्हातारा गोरा खलाशी महिनाभर राखणीला होता म्हणे. जेवणाच्या सुटीत अब्बा त्याच्यापाशी जाऊन बसायचे.
"भाषा कुठली?"
"भाषा कसली! हातवारं. त्यो हातानं बरफ करून दावायचा, तुजा बा मान हालवायचा. दोगं बी येडं. कामाला उशीर झाला की मुकादम मला शिव्या द्यायचा."

९ मे, शुक्रवार
सगळं आठवलं. चौथीत होते. नकाशा जमिनीवर अंथरलेला. अब्बा सुटीवर आलेले, हाताला भाजल्याचे डाग. घरात आम्ही दखनी बोलायचो. जहाज कुठून आलं, मी विचारलं. त्यांनी अगदी खालच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं.
"इदर से आया."
मी शाळेत निबंध लिहिला, मराठीत: माझे वडील दक्षिण ध्रुवावरून आले. दखनीत जहाजही आया आणि बापही आया. मराठीत जहाज असेल तर ‘आलं’, वडील असतील तर ‘आले’. मी ‘आले’ लिहिलं. भाषांतर माझं. चूक माझी.
पण इथे संपत नाही. गुरुजींनी निबंध वर्गात वाचून दाखवला आणि अब्बांना बोलावून घेतलं. "काय हो हुसेनभाई, पोरगी लिहिते ते खरं?" अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या बाकावर, ताठ.
"व्हय गुरुजी."
मग जन्मभर निभावलं.
नोकरीत असताना एका पोस्टमनने घरी न जाताच "दार बंद" असा शेरा मारला होता. मी वरपर्यंत लेखी तक्रार केली, त्याची बदली झाली. त्या दिवशी जेवताना अब्बांना अभिमानाने सांगितलं, खोटं मला खपत नाही. त्यांनी मीठ मागितलं.

११ मे, रविवार
ज.ला सांगितलं. गेटपास पुढे ठेवला. बराच वेळ फोटोच बघत बसला.
"हे लिहू नको."
"मग काय लिहू?"
"पोरांना सांगितलंय मी. सासरवाडीत सांगितलंय. इज्जतीचा फालुदा करशील, आपा."
"जहाज तोडलं यात लाज कसली? घाम गाळला त्यांनी."
"लाज नाही गं. पण ध्रुव तो ध्रुव."
हसू आलं. त्याला नाही आलं. म्हणाला, "तुला खरं लिहायचंय, की अब्बांच्या नावावर शेरा मारायचाय?"
उठून कपडे वाळत घातले.

१२ मे, सोमवार
फळ्या उतरवल्या. खालून लाकूड कोरं, नव्यासारखं. घर एकदम उंच वाटतंय.
पान लिहिलं. "हे जहाज मुंबईत तोडलं गेलं. तोडणाऱ्यांत कामशेतचे हुसेनभाई होते. ते ध्रुवावर गेले नव्हते. तिथल्या समुद्राची गोष्ट त्यांनी एका परदेशी खलाशाकडून समजून घेतली आणि मुलांना सांगितली." वाचलं. सगळं खरं आहे. अब्बा त्यात कुठेच नाहीत.
दुसरं लिहिलं. "या जहाजावर कामशेतचे हुसेनभाई होते. तिथे उन्हाळाभर सूर्य बुडत नाही." यात एकही वाक्य खोटं नाही. आणि सगळंच खोटं. पोस्टात असते तर असा कागद परत पाठवला असता.
हे वाचताना मात्र त्यांचा आवाज आला.

१३ मे, मंगळवार
टेम्पो दहाला आला. ज. पुढे बसला. दोन्ही पानं घडी करून त्याच्या हातात दिली. "एक दे. कुठलं ते तू ठरव." माझ्याकडे बघत राहिला. आजवर भाजीसुद्धा मी त्याला ठरवू दिलेली नाही.
दुपारभर झाडत होते. चिकट भुसा, निघता निघेना.
संध्याकाळी आला. फळ्या छान दिसतात म्हणाला, बाई खूश. एवढंच. जेवला, टीव्ही लावला.
उरलेलं पान त्याच्या खिशात असणार. कपडे धुवायला टाकण्याआधी घरातल्या सगळ्यांचे खिसे मी तपासते. त्याचा शर्ट खुंटीला आहे. आज धुवायला घेतला नाही.