चपलांची राखण

वन्सं,

मी त्या जुन्या शहरात आले आहे, एकटी. तुमच्या भावाला सांगून आले, विचारून नाही.

आपण सगळे इथे यायचो, तेव्हा प्रत्येक देवळाच्या दारात तुम्ही म्हणायचात, "वहिनी, तुम्ही बसा बाहेर. तुमच्या गुडघ्यांना आराम, आणि चपलाही सांभाळल्या जातील." अहो, गुडघे तेव्हा ठणठणीत होते! दुखतात ते आता, आणि आताच मी सगळं चढून गेले. तुम्ही आत हजार वर्षांचे खांब बघायचात आणि मी बाहेर अख्ख्या घराच्या चपला. कुणाची टाच कुठे झिजते, ते मला अजून पाठ आहे.

काल मोठ्या देवळात गेले. दारातली पायरी माणसांच्या पायांनी मधोमध खोलगट झालीय. त्यात माझं एकही पाऊल नव्हतं. मग काय, आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. पहारेकरी म्हणाला, "आजी, काही हरवलंय का?"

म्हटलं, "हो, तेच वसूल करतेय."

बाहेर येऊन बघते तर चपला गायब! भर उन्हात पाय भाजत, हसत हसत खोलीवर आले.

हे पत्र टपालात टाकणार नाही. घरी येऊन तोंडावरच सांगेन. पुढच्या वेळी चपलांपाशी तुम्ही बसा.

तुमची,
अनवाणी वहिनी