हिरव्या काचेचे ओघळ

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा मातीने भरलेल्या हातांनी सा. न. वि. वि.

पस्तीस वर्षं चित्रकला शिकवलेला तुझा भाऊ आता पुन्हा विद्यार्थी झाला आहे. निवृत्तीनंतर घरात खळ शिजवून झाली, रद्दीचा लगदा वाटून झाला. शेवटी हिने मिक्सर कपाटात घालून कुलूप लावलं. मग मी कुंभारकामाचा वर्ग गाठला. तो चालवते माझीच जुनी विद्यार्थिनी. शाळेत सगळ्यांच्या पेन्सिली तीच तासून द्यायची, म्हणून आम्ही तिला टोकदार म्हणायचो. आता ती मला महिनाभर एकच वाटी करायला लावते आहे. कंटाळून मी एक गंमत केली. हिरव्या बाटलीची काच कुटली, डिंकात कालवली आणि वाटीला बाहेरून जाड लेप दिला. टोकदारला सांगितलेलं नाही. परवा भट्टी उघडेल.

गुडघे जप. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा धाकटा

७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माझी छत्री कसल्याशा निळीत बुडवून वाळत घातलीस, तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तेव्हाही आधी सांगितलं नव्हतंस. माझं ऐक, टोकदारच्या कानावर घाल. भट्टी तिची आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात.

तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद. मिक्सरची किल्ली तिने अजिबात देऊ नये.
तुझी ताई

८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आजच आलं, पण उशीर झाला. काच वितळली आणि वाहतच राहिली. वाटीवरून भट्टीतल्या लादीवर आणि तिथून खालच्या लादीवर. खाली टोकदारने एका उपाहारगृहासाठी केलेल्या बशा होत्या. त्यातल्या सात वाया गेल्या. माझी वाटी लादीला अशी चिकटली की कोणाची ते कळेना. वर्गातल्या नर्सबाईंना वाटलं की त्यांच्याच भांड्याचा रंग जाड झाला असणार. त्या बिचाऱ्या डोळे पुसत टोकदारची माफी मागत होत्या.

आणि ताई, मी गप्प बसलो.

आणखी एक सांगतो, फक्त तुला. त्या ओघळांचा हिरवा इतका सुरेख आला होता की बशा दिसायच्या आधी मला आनंद झाला. त्याची जास्त लाज वाटते आहे.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा धाकटा

११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर.

त्या बाईंनी तुझी चूक आपल्या डोक्यावर घेतली आणि तू घरी येऊन जेवलास? आनंद झाला त्यात काही वाईट नाही, तू जन्मापासून तसाच आहेस. गप्प बसलास ते वाईट. हे पत्र वाचून झालं की चपला घाल आणि सगळ्यांसमोर सांगून ये. साठी उलटलेल्या भावाचे कान धरायला मला एवढ्या लांब यायला लावू नकोस.

तुझी ताई

२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
मान खाली, पण मन हलकं, असा सा. न. वि. वि.

चपला घातल्या आणि गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं. नर्सबाई आधी हसल्या, मग दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. टोकदार म्हणाली की तिने पहिल्याच नजरेत ओळखलं होतं, वाटीला काच फासणारा दुसरा कोण आहे? फक्त सर आठवडा लावतील असं तिला वाटलं नव्हतं. मग तिने माझ्या हातात छिन्नी दिली. आठ दिवस लाद्या खरवडल्या. नव्या सात बशांची मातीही मीच मळली. काल त्या भट्टीतून अखंड निघाल्या.

मी ॲप्रनची घडी घातली. पुन्हा इथे यायला तोंड नाही असं वाटत होतं. तेव्हा टोकदार म्हणाली की सरांच्या वर्गात एकच नियम होता, ज्याने सांडलं त्याने पुसायचं आणि परत जागेवर बसायचं. पुसून तर झालं आहे. असं म्हणून तिने माझ्यापुढे मातीचा गोळा ठेवला. मी बसलो. मग खाली वाकून तिने हळूच विचारलं, की काचेत डिंक नेमका किती घातला होता.

तुझा लोभ असाच कान धरून राहो.
तुझा धाकटा