गवताच्या मशीनचा वारस

मालन लॉन्समधील गवत कापायच्या मशीनची खरी किंमत अशी: लिलावात एक लाख दहा हजार, टेम्पोभाडे दोन हजार, एक रेडिएटर, एक सिलिंडर हेड, माझ्या डाव्या तळहाताची कातडी आणि मुलाशी सहा वर्षांचा अबोला. पावती फक्त पहिल्या रकमेची आहे.

मी, बन्सी भागुजी लोंढे, वय ७१, धंदा पूर्वी इंजिन फिटर व हल्ली लॉन्सचालक, राहणार घोडेगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणाचा दबाव नाही. पत्नी मालनबाई शेजारी बसली आहे, पण ती लसूण सोलते आहे.

कलम १. राहते घर, लॉन्सची अडीच एकर जमीन व बँकेतील ठेव मालनबाईला. तिच्या पश्चात मुलगा चेतन व मुलगी शुभांगी यांना निम्मे निम्मे. यात सांगण्यासारखे काही नाही.

कलम २. पान्ह्यांची पेटी मांडववाला मच्छिंद्र याला द्यायची होती. पण साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. माझा चौदाचा पाना २००३ पासून त्याच्याकडेच आहे. तेवढ्यावर त्याने भागवावे. पेटी शुभांगीला.

कलम ३. मशीन बसून चालवायचे, डिझेलचे आहे. ज्याच्या हाती जाईल त्याने ते तापू देऊ नये. रेडिएटरचे पाणी सकाळी, इंजिन गार असताना पाहावे. गरम असताना झाकण उघडू नये. तळहाताचा उल्लेख वर आलाच आहे. लग्न उरकले की गवतात अक्षता, पाकळ्या आणि चमकीचे कागद राहतात. पंखा ते सगळे ओढून रेडिएटरपुढच्या जाळीवर चिकटवतो, म्हणून दर चार फेऱ्यांनी उतरून जाळी झाडावी. रेडिएटरला हवा आतून बाहेर मारावी. पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, बारीक पत्र्या वाकतात. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. ब्लेड बोथट ठेवू नये, इंजिनावर फुकट जोर येतो. काम झाल्यावर पाच मिनिटे रिकामे चालवून मगच बंद करावे. दसऱ्याला हार सीटच्या पाठीला घालावा, जाळीला नाही. मशीन तिथून श्वास घेते.

मी ऐन उमेदीत कोणाच्या विहिरीवरचे इंजिन तापले आहे हे शिवेवरून आवाजावर सांगत असे. अकरा वर्षांत माझ्या हाताखाली या मशीनचा उष्णतेचा काटा एकदाही मधल्या खुणेवर गेला नाही. तालुक्यात दुसऱ्या कोणी हे करून दाखवावे.

कलम ४. मशीन शुभांगीला. तिचे बेलापूरचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे, हे मला माहीत आहे. कारण असे: २०१९ च्या दसऱ्याला मालनबाईने पूजा करून जाळीला झेंडूचा हार घातला आणि चेतनने तो न काढता मशीन चालवले. निम्म्या लॉनवर इंजिन तापून सिलिंडर हेड गेले. संध्याकाळी एका गिऱ्हाइकाकडचा साखरपुडा होता. मुलीकडचे कापलेल्या गवतात बसले, मुलाकडचे गुडघाभर गवतात. अंगठी पडली ती त्यांच्याच बाजूला. चौथ्या दिवशी सापडली. "नाना, काटा खालीच हुता," असे चेतन शपथेवर सांगत राहिला. मी त्याला सगळ्या पाहुण्यांसमोर खोटारडा म्हणालो. तेव्हापासून त्याला सीटवर बसू दिलेले नाही. गेल्या महिन्यात तो मागच्या पडवीत फोनवर बोलत होता, "म्हाताऱ्याच्या मागं सगळीकडं प्लास्टिकचा हिरवा गालिचाच टाकू." मी पुढच्या ओट्यावर होतो. मला ऐकू आले.

वरील मजकूर आज वाचून दाखवताना मच्छिंद्र अडला. तो म्हणाला, "बन्सीभाऊ, पोरगी ते मशीन जिन्यानं वर न्हेनार का? आन् पोराला इचारलं का, गालिचा कशापायी?"

चेतन दारातच उभा होता. तो म्हणाला, "इचारायचं काय त्यात? मशीनला हात लावू देत न्हाई, गवत वाढतंया, गिऱ्हाईक मला बोलतंय. मग गालिचाच बरा की."

मालनबाई लसूण ठेवून म्हणाली, "हार म्या घातला हुता. सहा वर्षं तुमी मला एका शब्दानं बोलला न्हाई. दोष सगळा त्याला. किल्ली द्या त्याला."

सबब सही थांबवून मी किल्ली दिली. परवाच लग्न झालेले असल्याने गवतात सगळा कचरा होता. मी ओट्यावर डोळे मिटून ऐकत बसलो. चार फेऱ्या झाल्या, तो उतरला, जाळी झाडली. आठ झाल्या, पुन्हा उतरला. दहाव्या फेरीत आवाज किंचित जड झाला. थांब म्हणायला मी हात वर करणार, तोच मशीन थांबले. डोळे उघडले तेव्हा तो खाली बसून जाळीवरचा चमकीचा कागद सोलत होता. असे कान त्यालाही आहेत, हे मला सहा वर्षे ऐकू आले नव्हते.

कलम ५. कलम ४ मधील वाटप रद्द; मजकूर तसाच राहावा. मशीन चेतनला. गालिचा टाकू नये अशी अट घालणार होतो, तर तोच म्हणाला, "नाना, पुढच्या कोपऱ्यात हरळी इरळ झालीय, तिथं नवी लावू." अट घातली नाही.

ठिकाण: घोडेगाव, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर
दिनांक: १२ जानेवारी २०२६
लिहून ठेवणार: बन्सी भागुजी लोंढे (सही)
साक्षीदार: १. मच्छिंद्र दगडू कापसे (सही) २. विजयमाला रंगनाथ धस, निवृत्त शिक्षिका (सही, शुद्धलेखन तपासले, बोलणे तसेच ठेवले)

मिळकतीचे वर्णन (चेतनने मशीनजवळ बसून लिहिले, मी पडताळले): गवत कापणी यंत्र, एक. तीन सिलिंडर, डिझेल. टायर चारही चांगले. सीट दोनदा शिवलेली. उष्णतेचा काटा: शाबूत, पण त्याची वायर कुठेही जोडलेली नाही, इंजिनावर सेन्सरच्या जागी बोल्ट बसवलेला असून त्यावर लिलावाआधीचा, कारखान्याचा रंग आहे.