वरची सही

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, कर्करोगाच्या कामासाठी उभ्या राहिलेल्या आमच्या राष्ट्रीय संस्थेची कायमची उपाध्यक्ष, घरातली थोरली सून आणि नियामक मंडळात सगळ्यांची ताई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात कोणी उरलेलेही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर असल्याचा दाखला मी मागितला नाही. ते गेली कित्येक वर्षे एकाच ठिकाणी अडकून बसले आहे, आणि ते ठिकाण कोणते हे पुढे येईलच.

१. हा कागद दोन साक्षीदारांच्या सहीशिवाय ग्राह्य धरला जाणार नाही. पहिले साक्षीदार आमच्या मंडळातले सर्वांत जुने सभासद, ज्यांना आम्ही त्यांच्या पाठीमागे ‘अनुमोदन’ म्हणतो. ठराव कसलाही असो, ते फक्त ‘माझे अनुमोदन’ एवढेच म्हणतात आणि बिस्किटांकडे वळतात. न वाचता सही करणारा माणूस एका जागी तरी उपयोगी पडतो.

दुसरी साक्षीदार माझी धाकटी जाऊ, म्हणजे संस्थेची अध्यक्षा. वकील म्हणाले, घरचे माणूस कशाला, दुसरा साक्षीदार सहज मिळेल. मी म्हटले, सहज मिळणारा मला नकोच आहे. तिने हा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा आणि मगच सही करावी. सही केली नाही तर हा कागद रद्दीत जाईल आणि माझे घर कायद्याने माझ्या दोन पुतण्यांना मिळेल. पुतणे म्हणजे तिचीच मुले. तेव्हा काय करायचे ते तिने ठरवावे.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे वकिलांनी बजावले आहे. त्यामुळे धाकटीला मी काहीही देत नाही. हे वाक्य लिहिताना हात जराही अडखळला नाही.

२. पुतण्यांना माझी गाडी, ह्यांची घड्याळे आणि सगळी पुस्तके द्यावीत. दोघेही गुणी आहेत. आजारपणात दर रविवारी येतात, फळे आणतात आणि जाता जाता भिंतींना बोटांनी टिचक्या मारून ओल आली आहे का पाहतात. भिंती कोरड्या आहेत. त्यांनी त्या बाबतीत निश्चिंत असावे.

३. बँकेत जे काही आहे ते माझी शुश्रूषा करणाऱ्या नर्सबाईंना द्यावे. मी ‘आज बरी दिसतेय ना?’ असे विचारले की त्या ‘नाही’ म्हणतात. मंडळात इतकी वर्षे बसले, पण असे सरळ उत्तर मला तिथे कधी मिळाले नाही.

४. सभेच्या टेबलावरची पितळी घंटा माझी आहे. ती मी स्वतःच्या पैशाने आणली. गलका झाला की ती वाजवायची हा बेतही माझाच होता. पण पहिल्याच सभेत धाकटीने हात पुढे केला, घंटा उचलली, आणि तेव्हापासून ती अध्यक्षांची झाली. एखाद्या घंटेवरून माणसाचा किती जळफळाट व्हावा? माझा झाला.

मुळात ही संस्था आम्हा दोघींची. सासूबाई याच आजाराने गेल्या. दुखणे त्यांनी लपवून ठेवले होते, आणि कळले तेव्हा फार उशीर झाला होता. अंघोळ घालायची मी, कूस बदलायची मी, रात्रंदिवस उशाशी मी. पण डोळे उघडले की त्या विचारायच्या, ‘धाकटी आली का?’ धाकटी यायची, दोन गोष्टी सांगायची, आणि त्या हसायच्या. माझ्यासमोर त्या कधी हसल्याचे मला आठवत नाही. त्या गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही ठरवले की दुखणी लपवणाऱ्या बायकांसाठी काहीतरी करायचे. ‘लपवू नका, दाखवून घ्या’ ही घोषणा माझी. आज ती देशभर भिंतींवर आहे, रेडिओवर आहे. रेडिओवर आवाज मात्र धाकटीचा.

अध्यक्ष कोण, असा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली होती, ताई मोठ्या आहेत, त्यांनाच करा. मी आपले रीत म्हणून म्हटले, छे, मला कुठे जमतेय. मंडळींनी ते खरे धरले. ‘उप’ ही दोन अक्षरे तेव्हापासून माझ्या कपाळावर आहेत. तिला सगळे मॅडम म्हणतात, मला ताई. मॅडमपुढे कागद ठेवतात, ताईंना चहाचे काय झाले ते विचारतात.

५. आता खुर्चीबद्दल. आमच्या सभागृहात लांब टेबलाच्या एका टोकाला अध्यक्षांची खुर्ची असते आणि समोरच्या टोकाला एक रिकामी खुर्ची असते. तिला रुग्णाची खुर्ची म्हणतात. काहीही ठरवताना तिथे एक आजारी माणूस बसलेला आहे असे समजून बोलायचे, असा आमचा रिवाज आहे. पाहुणे आले की त्यांना ती आवर्जून दाखवतात, फोटो काढतात. ही कल्पना माझी. स्मरणिकेत ती ‘मॅडमच्या संवेदनशील मनातून’ आलेली आहे.

पण आमच्या खोलीत पर्स ठेवायला दुसरी जागा नाही. त्यामुळे पहिल्या वर्षापासूनच बायका पर्स तिथे ठेवू लागल्या, मंडळातले सर्जन महाशय आपला कोट तिच्या पाठीवर अडकवू लागले आणि अनुमोदन आपली छत्री. रुग्णाचा विचार करून ठराव मंजूर व्हायचा आणि मग सगळे रुग्णाच्या अंगावरून आपापले सामान उचलून घरी जायचे. मीही ठेवत असे. कुणाला त्यात काही वावगे दिसले नाही.

६. माझ्या ड्रेसिंग टेबलाच्या खणात केस कुरळे करायचे रोलर्स आहेत. ते कोणालाही न देता टाकून द्यावेत. खुलासा पुढीलप्रमाणे.

एका वर्षी धाकटी अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी गेली. मला कोणी विचारलेही नाही. बरेच महिने राहिली. घंटा तेवढे दिवस मी वाजवली, पण हंगामी अध्यक्ष म्हणून, म्हणजे भाड्याने. ती परतली ती बारीक होऊन, चेहरा उजळलेला, आणि लांबसडक केसांच्या जागी आखूड, कुरळे केस. सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. वर्तमानपत्रांत फोटो आले. नवे रूप, नवा उत्साह वगैरे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याच दिवशी मी पार्लरमध्ये जाऊन बसले आणि म्हटले, मला अगदी तसे करून द्या. तिथल्या मुलीने कात्री चालवली. माझे केस मुळात सरळ, ते कुठले वळतात! तेव्हापासून रोज सकाळी रोलर्स लावून बसायचे आणि संध्याकाळपर्यंत सगळे पुन्हा सरळ. धाकटीने मला पहिल्यांदा तशी पाहिली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. मला वाटले, हिला झोंबले. मी दिवसभर खुशीत होते.

७. गेल्या हिवाळ्यात माझा रिपोर्ट आला. तो वाचून पहिल्यांदा भीती वाटली, ती सगळ्यांनाच वाटते. पण लगेच दुसरा जो विचार आला तो इथे लिहून ठेवते, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मला वाटले, आता हे तरी माझे. धाकटीकडे नाही असे काहीतरी अखेर मला मिळाले.

पुढच्याच सभेला मी लवकर गेले नाही, मुद्दाम उशिरा गेले. सगळे बसले होते. मी रुग्णाच्या खुर्चीवरच्या पर्स एकेक करून खाली जमिनीवर ठेवल्या, कोट सर्जन महाशयांच्या मांडीवर दिला आणि तिथे बसले. ते म्हणाले, ‘ताई, तुमची जागा तिकडे आहे.’ मी म्हटले, ‘आजपासून इकडे. रिपोर्ट आलाय.’

कोणी माझ्याकडे पाहिले नाही. सगळ्यांनी धाकटीकडे पाहिले, चेहरा कसा करायचा ते समजून घ्यायला. ती पांढरीफटक पडली होती. तिने घंटेवर हात ठेवला, वाजवली नाही, आणि पुढचा विषय घ्यायला सांगितले. माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. माझ्या मरणाचा सुद्धा हिने विषय बदलला.

सभा संपल्यावर मी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारत होते, तेव्हा ती आत आली आणि दाराला कडी घातली. म्हणाली, ‘ताई, तो दौरा नव्हता.’

मला आधी कळलेच नाही. मग तिने केसांना हात लावला आणि कळले. औषधांनी गेलेले केस परत येताना तसे आले होते, आखूड आणि कुरळे. आणि मी पार्लरमध्ये जाऊन तेच मागितले होते.

मी विचारले, अगं पण लपवलेस का? देशभर ‘लपवू नका’ म्हणून सांगणारी तू. ती म्हणाली, ‘सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला त्या खुर्चीवर बसवलं असतं, ताई. आणि मग अंगावर पर्स ठेवल्या असत्या.’

सभेला परगावाहून आलेल्या दोन सभासद बाहेरून कडी वाजवत होत्या. आम्ही दोघींनी तोंडे पुसली आणि बाहेर आलो.

घरी येऊन मी रडले, पण तिच्यासाठी नाही. तिथेही तीच पहिली, म्हणून रडले. आणि सांगितले असते तर त्याच वर्षी अध्यक्षपद माझ्याकडे आले असते, म्हणूनही रडले. आणि सर्वांत जास्त ज्याच्यासाठी रडले तेही लिहिते. ती बरी झाली. मी होणार नाही. घंटा, आवाज, सासूबाईंचे हसणे हे सगळे मी एक वेळ सोडून देईन. पण ती पुढच्या वर्षी त्या खोलीत असेल आणि मी नसेन, याचा मला जो हेवा वाटतो त्यापुढे आधीचा सगळा हेवा म्हणजे पोरखेळ होता.

८. माझे राहते घर, मागची बाग आणि सर्व सामानासह, मी आमच्या संस्थेला देते. परगावाहून उपचारांसाठी येणारे आजारी लोक आणि त्यांच्यासोबत येणारी माणसे यांनी इथे राहावे. दक्षिणेकडच्या खोलीत ऊन चांगले येते, ती ज्याला उलट्या होतात त्याला द्यावी. दारावर माझ्या नावाची पाटी लावायचीच असेल तर अध्यक्षांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत लावावी.

घर मिळण्याच्या अटी अशा. रुग्णाच्या खुर्चीवर यापुढे खरा माणूस बसेल, ज्याने हे दुखणे स्वतः भोगले आहे असा. त्याला मत असेल. वरची पितळी घंटा त्याच्यासमोर ठेवावी, आणि मंडळी त्याला न कळणारे काही बोलू लागली की त्याने ती बिनदिक्कत वाजवावी. खोलीत पर्स ठेवायला एक कपाट करावे. आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्याकडे दुसरे कोणतेही पद नसावे.

त्या खुर्चीवर पहिल्यांदा माझ्या धाकट्या जावेने बसावे. त्यासाठी तिला अध्यक्षपद सोडावे लागेल. हे मी सूड म्हणून लिहिले आहे की मान म्हणून, असे वकिलांनी विचारले. मी म्हटले, दोन्ही, आणि कुठले किती ते वेगळे काढत बसायला मला वेळ नाही. अध्यक्षपद कोणाला मिळावे हे मला मृत्युपत्रात लिहिता येत नाही, असेही ते म्हणाले. ते येत असते तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

९. हा कागद माझ्यानंतरच्या पहिल्या सभेत मोठ्याने वाचावा. धाकटीने यावर सही केली तर तिचे दुखणे मी उघड केले असे नाही, तर तिने स्वतः सांगितले असे समजावे. केली नाही तर हा कागद तिनेच फाडावा, मी दुसरा लिहिणार नाही.

१०. शेवटचे. संस्थेच्या प्रत्येक पत्रावर, ठरावावर, आभारपत्रावर अध्यक्षांची सही वर आणि उपाध्यक्षांची खाली असते. हयातभर मी तिच्या खाली सही केली. साक्षीदाराची सही मात्र लिहून देणाऱ्याच्या खाली लागते, असे वकील म्हणाले, तेव्हाच मी तिचे नाव घातले. या एका कागदावर माझी सही वर असेल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, थोडे रडून आणि बरेच समाधान पावून लिहिले आहे.

लिहून देणार: (सही) थोरली

ठिकाण: राहते घर, बागेकडची खोली
तारीख: वार्षिक सभेच्या आधीचा गुरुवार

साक्षीदार पहिले: (सही) माझे अनुमोदन.

साक्षीदार दुसरी: पूर्ण वाचले. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. खुर्चीची कल्पना आणि घोषणा ताईंची, हे यापुढे स्मरणिकेत तसे छापले जाईल. घराचे आणि माझे, दोन्ही मी आज मुलांना सांगितले. मोठा रागावला, धाकटा बराच वेळ माझा हात धरून बसला. ताई, सोमवारच्या सभेला तुम्ही त्या टोकाला बसू नका, तिथे मी असेन. माझी जागा रिकामी आहे, तिथे या. घंटा मात्र आता माझ्यासमोर असेल, तुमच्याच अटीप्रमाणे.

सही खाली केली आहे.

(सही) धाकटी