घडलेच नाही असे समजावे

३ सप्टेंबर
नोकरी लागली! कोर्टाच्या तळघरात, बालन्यायालयाच्या जुन्या फाइलींच्या खोलीत. आयुष्य गोठ्यात गेलं. आता गुडघे गाईखाली बसू देत नाहीत, मग ही खुर्ची काय वाईट? ज्यांनी लहानपणी काही भानगड केली आणि पुढे सुधारले, त्यांच्या फाइली न्यायाधीश नष्ट करायला सांगतात. त्या मी यंत्रात घालायच्या, खाली पोत्यात कागदाचा भुसा पडतो. इथली मुख्य कारकून प्रूइटबाई. तिने बजावलं की वाचायचं नाही, आणि खिडकीवर कोणी विचारलं तर अशी केस नाही म्हणायचं, कारण कायद्याने ती घडलेलीच नसते. मी विचारलं, म्हणजे खोटं बोलायचं का? तर म्हणते, फुर्तादो, खोटं नव्हे, कायदा!
घरी इनेसने, माझ्या नातीने, सॉसेज घालून सूप केलं होतं. तिचीही एक फाइल आहे. नर्सिंगला जायचंय म्हणून तिनेही अर्ज केलाय. म्हणाली, व्होव्हो (आजोबाला आमच्यात असंच म्हणतात), माझी फाइल आली तर नीट बारीक कापशील ना? मी म्हटलं, कापून गाईंना घालीन. खूप हसलो.

१० सप्टेंबर
चर्चच्या सभागृहाची रंगीत काच एका पोराने दगड मारून फोडली होती. तिथे कित्येक वर्षं नुसती फळी ठोकलेली. आज बघतो तर काच अखंड, तिच्यावरच्या कबुतराच्या चित्रासकट. कधी बसवली विचारलं, तर राखणदार म्हणाला की ती कधी फुटलीच नव्हती, आणि सकाळी सकाळी घेतलीस का रे म्हातारड्या? त्या पोराची फाइल मी सोमवारीच कापली होती. बरंच झालं म्हणायचं. तरी रक्तदाबाची गोळी घेतली.

१८ सप्टेंबर
पेंडवाला गास्पार सरळ चालतोय. एका मुलाने त्याच्या पायावर ट्रॅक्टर घातला होता, तेव्हापासून लंगडायचा. परवाच ती फाइल यंत्रात गेली. मला इतका आनंद झाला! म्हटलं, ल्युसिल खूश असेल. त्याने विचारलं, कोण ल्युसिल?
त्याची बायको. पाय मोडून इस्पितळात पडला होता तेव्हा तिथेच भेटली होती. त्याच्या घरी जाऊन आलो. अंगणात झोपाळा नाही, पोरं नाहीत. एकटाच डब्यातले घेवडे खात होता, आणि मलाही आग्रह करत होता.

१९ सप्टेंबर
डोकं चालेनासं झालंय. लिहून ठेवतो.
माझी लेक वारली तेव्हा इनेस सावत्र बापाकडे, ड्वेनकडे राहिली. त्याने तिचा हात मोडला. तिने त्याची निळी गाडी पेटवून दिली. पेटवली म्हणून पोलीस आले, पोलीस आले म्हणून कोणीतरी तो हात पाहिला, आणि कोर्टाने तिला माझ्याकडे दिलं. गाडी पेटलीच नसेल, तर हात कोण बघणार?
प्रूइटबाईला हात जोडले की एवढी एक फाइल थांबव. ती म्हणाली, मुलगी सज्ञान आहे, न्यायाधीशांची सही झालीय, आजोबाला इथे कोणी विचारत नाही. पोलीस, शाळा, देखरेख अधिकारी, सगळ्यांना आपापल्या प्रती नष्ट करायचे हुकूम गेलेत म्हणे. शिवाय डॉक्टरला दाखव असंही म्हणाली.
इनेसला अर्ज मागे घे म्हटलं. कारण काय सांगणार? ती भडकली. म्हणाली, मी जन्मभर जाळपोळवालीच राहू का, व्होव्हो? आणि दार आपटून गेली. तिचंही खरंच आहे.

२३ सप्टेंबर
इनेसची फाइल आली, ती बॉयलरमागे लपवली. पण पोलिसांचं पत्र आलं: प्रत नष्ट केली.
दुपारी पेट्रोल पंपावर ड्वेनची निळी गाडी. साधा ओरखडाही नाही.

२५ सप्टेंबर
शाळेचं पत्र. घरातल्या भिंतीवरचे तिचे फोटो गेले. खिळेसुद्धा. शाळेच्या नाटकात ती कोण झाली होती? मला आठवत नाही. ज्या फाइली मी कापल्या त्या मला आठवतात. दुसऱ्यांनी कापलं की माझ्यातलंही जातं.

२६ सप्टेंबर
देखरेख अधिकाऱ्याचं पत्र. तिच्या खोलीत पेंडीची पोती. पलंग नाही. शेजारीण म्हणते, तू तर पहिल्यापासून एकटाच.

२७ सप्टेंबर
पोलिसांकडे गेलो. ते म्हणतात अशी केस नाही. तिचा हात बघा म्हटलं तर म्हणाले, दुसऱ्याच्या मुलीची चौकशी तू का करतोस? पुन्हा दिसलास तर आत टाकू. अरे, हेच उत्तर मी खिडकीवर दिलंय! ह्याच तोंडाने!
बाहेर ती दिसली. निळ्या गाडीत. हात गळ्यात बांधलेला. मी हाका मारल्या. तिने काच वर केली. ड्वेनला विचारलं असावं, हा कोण — तो हसला.

२८ सप्टेंबर
आता फक्त आमची प्रत उरलीय. ती आहे तोवर मला ती मुलगी — तोवर इनेस आहे. न्यायाधीशांना भेटू द्या म्हटलं. प्रूइटबाईने विचारलं, कुठल्या केससाठी? टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं.

२९ सप्टेंबर
कोर्टाने तिला दिलं नाही तर मीच आणतो. फाइल शर्टात घालून निघालो. ड्वेनच्या दारासमोर माझ्या गाडीत बसून लिहितोय. तो घरी नाही, निळी गाडी नाही. ती तरी बाहेर येईल —
फाइल उघडली. कोरे कागद. सगळे कोरे. प्रूइटबाईला बॉयलरमागची जागा सापडली असणार — खरे कागद तिच्याकडे — तिकडे यंत्र चालू असणार. एकेक पान —

कोणाला न्यायला आलोय? सूप चांगलं करते. हसते. नाव — आत्ता होतं —

घराचं दार उघडलं. हात गळ्यात बांधलेली एक पोरगी. ओळखीची नाही. माझ्याकडे बघतेय. रडलेली दिसते. हिचं कोणी नाही का? मी कशाला आलोय ते — नसू दे. ओळख नसली म्हणून काय झालं. गाडीत बस म्हणतो, पोरी, आधी गाडीत बस, मग