मगरीपुढे ठेवलेली केळी

कराची, रविवार संध्याकाळ, सन १९३४

मीच तेवढा वाईट. गावाहून वडील, नाना, पुन्हा लिहितात, "बायको तापाने फणफणली आणि तू तिकडे मजा मारतोस." मारली आज मजा. गोदीत माझ्यासोबत हमाली करणाऱ्या पारोळ्याच्या रहीमभाईने शहर दाखवलं. दगडी मनोरे, कमानी, सगळं पाहिलं. पारशाच्या दुकानात द्राक्षाची लाल दारूही प्यायलो. आंबट. तिचा ताप उतरेना, आणि मी प्यायलो.

मग पिराच्या तळ्यावर गेलो. तिथल्या मगरीने आपण दिलेलं मटण खाल्लं की मागणं पुरं होतं म्हणतात. मटणाला हात कसा लावू? आमच्या गावी, असोद्याला, देवापुढे ठेवतो तशी केळी ठेवली. जन्मात पहिल्यांदा बायकोचं नाव तोंडाने घेतलं, मथुरा.

रहीमभाई हसला, "अरे पाटील, मगर काय तुन्या नानानी म्हैस शे का?"

मगरीने डोळासुद्धा उघडला नाही.

रहीमभाई मटण आणून देत होता. मीच नको म्हटलं. माझं सोवळं मोठं की मथुरा? रजा मागितली तर मुकादम कामावरून काढेल. आणि गेलो तरी, पोचेपर्यंत... डोळासुद्धा उघडला नाही तिने.

जळगावचा डॉक्टर बोलवा, असं नानांना लिहिलं. मी येत नाही. तेरा रुपये पाठवतोय.